पिस्तूल रिकामं होतं, तरीही

वाचकाचं पत्र

मी ४६ वर्षांची आहे. काही महिन्यांपूर्वी मैत्रिणीबरोबर सहज शूटिंग रेंजवर गेले आणि दहा मीटर एअर पिस्तूलच्या प्रेमातच पडले. त्या तासाभरात डोक्यातला सगळा गोंगाट थांबतो. असं मला आजवर दुसऱ्या कशात झालं नव्हतं. पण मागच्या वेळी एक प्रकार घडला. छर्रा पहिल्यांदाच बरोब्बर दहावर, म्हणजे टार्गेटच्या मधोमध, लागला, आनंदाच्या भरात मैत्रिणीला सांगायला मागे वळले आणि प्रशिक्षक सर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. हातात पिस्तूल होतं हे खरं, पण एकच छर्रा भरतात आणि तो सुटून गेला होता. पिस्तूल तर रिकामं होतं! फार अपमान वाटला. तेव्हापासून रेंजवर पाऊल टाकलेलं नाही. आता वाटतं, स्वतःचं पिस्तूल घ्यावं आणि घरीच सराव करावा. नवऱ्याचा ठाम नकार आहे. मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला मात्र भारी उत्सुकता. शिवाय माझा हात थरथरतो, छर्रे नेहमी खाली डावीकडे जातात, म्हणजे वय आड येतंय का? पुढे कधी .२२ कॅलिबरची (हे गोळीच्या जाडीचं माप) खरी बंदूकही चालवून बघायची आहे. एक जवळची बाई म्हणाली, बंदुकीची आवड असणं हेच मुळात विकृत. क्लबची एक छोटी स्पर्धा तोंडावर आहे. नाव द्यावं की हा नाद सोडावा?

उत्तर

ताई,

तुम्ही बरेच प्रश्न विचारलेत. पण मला आधी ज्याबद्दल बोलायचंय ती गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. ‘पिस्तूल तर रिकामं होतं’ असं तुम्ही उद्गारचिन्ह देऊन लिहिलंय, जणू तेवढ्याने विषय मिटतो. तो तिथेच सुरू होतो.

सरांच्या जागी उभं राहून बघा. चार-पाच पावलांवरून त्यांना काय दिसलं? पिस्तुलाची नळी टार्गेटवरून सुटली आणि शेजारच्या लेनवरून, मागच्या बाकावर बसलेल्यांवरून फिरत गेली. आत छर्रा आहे की नाही, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. तुम्हाला तरी कुठे दिसलं होतं? तुम्हाला ते आठवत होतं. आठवण बहुतेक वेळा बरोबर असते, आणि नेमकी आनंदात, घाईत, रागात किंवा थकव्यात दगा देते. बंदुकीने अपघात झाला की ज्याच्या हातात ती होती तो माणूस पुन्हा पुन्हा हेच सांगतो, मला वाटलं ती रिकामी आहे. म्हणून नळीचा नियम कुणाच्या आठवणीवर टेकलेला नाही. बंदूक भरलेली असो, रिकामी असो, उघडून ठेवलेली असो, नळीचं तोंड माणसाकडे जाऊच द्यायचं नाही.

जगभरच्या रेंजवर शिकवतात ते मूळ नियम चारच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. जिथे गोळी जायला नको तिकडे नळी न्यायची नाही. नेम धरून मारायचं नक्की होईपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही, बाहेर सरळ ठेवायचं. आणि आपण कशावर मारतोय, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असल्याशिवाय मारायचं नाही. हे नियम मुद्दाम एकमेकांवर चढवलेले आहेत. सहसा त्यातले दोन एकाच वेळी मोडले तरच माणसाला इजा होते. बोट ट्रिगरवर गेलं पण नळी टार्गेटकडेच असेल, तर एक फुकट गेलेला शॉट, एवढंच. नळी फिरली पण बोट बाहेर असेल, तर नुसती आरडाओरड. त्या दिवशी तुमच्याकडून एक नियम सुटला आणि बाकीच्यांनी सगळ्यांना वाचवलं. सरांना तो एक सुटलेला दिसला, म्हणून ते ओरडले. कानात सांगायला तेवढा वेळच नव्हता.

आता तुमच्या बाजूचं बोलते. त्या क्षणी ओरडणं बरोबर होतं, पण नंतर तुम्हाला बाजूला घेऊन दोन मिनिटं समजावणंही त्यांचं कामच होतं. ते झालं नसेल तर ती त्यांची उणीव आहे. माणसाला सतत चारचौघांत खाली पाहायला लावणारा प्रशिक्षक असेल तर दुसरा शोधावा. पण नळी फिरली आणि कुणीच काही बोललं नाही, अशी रेंज दिसली तर तिथे मात्र उभ्यासुद्धा राहू नका.

आनंद व्यक्त करायला जागा आहे, फक्त तिचा क्रम ठरलेला आहे. शॉट सुटला की हात लगेच खाली आणायचा नाही. क्षणभर तसाच धरून पुढच्या साइटकडे, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेकडे, बघत राहायचं. मग हात टेबलाकडे उतरवायचा, नळी टार्गेटकडेच. लोडिंगचा खटका उघडायचा, आत डोळ्यांनी बघायचं, भडक रंगाची सेफ्टी दोरी नळीतून घालायची, पिस्तूल टेबलावर तोंड पलीकडे करून ठेवायचं, हात काढायचा. दोरीमुळे लांबूनही कळतं की नळी मोकळी आहे. मग एक पाऊल मागे या आणि हवं तेवढं नाचा. हे दहा-पंधरा सेकंदांचं काम आहे. दहावर लागलेला छर्रा तोवर कुठे जात नाही.

लक्ष एका क्षणापुरतं सुटणं ही गोष्ट नवशिक्यांपुरती नाही. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स ५० मीटर रायफलच्या थ्री पोझिशन्स (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारण्याच्या) फायनलमध्ये शेवटच्या शॉटपर्यंत आघाडीवर होता. तो शेवटचा शॉट त्याने शेजारच्या लेनच्या टार्गेटवर मारला. शून्य गुण मिळाले आणि तो थेट आठव्या स्थानावर घसरला. त्याच ऑलिंपिकमध्ये त्याने प्रोन, म्हणजे पालथं झोपून मारण्याच्या, प्रकारात सुवर्णपदक मिळवलेलं होतं, म्हणजे हाताला काहीच झालेलं नव्हतं. त्याच्या चुकीने कुणाला धोका नव्हता, तुमच्या चुकीने होता, हा फरक मी पुसणार नाही. पण तो परत आला, २००८ला प्रोनमध्ये रौप्य जिंकलं आणि २०१२ला त्याच थ्री पोझिशन्समध्ये कांस्य. तेव्हा तुम्हीही जा. सरांना एवढंच म्हणा, ‘सर, त्या दिवशी नळी फिरली, चूक झाली. शॉटनंतरचा क्रम माझ्याकडून पुन्हा करून घ्या.’ बघा, ते किती मनापासून शिकवतील. स्वतः येऊन असं सांगणारा विद्यार्थी कुठल्याही प्रशिक्षकाला हवाच असतो.

आता घर. रेंज टाळण्यासाठी पिस्तूल घ्यायचंय, असं तुमच्या पत्राच्या क्रमावरूनच दिसतं. अपमान झाला, जाणं बंद झालं, म्हणून घरी सराव. या कारणासाठी घेऊ नका. शिकण्याच्या या टप्प्यावर तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे ती मागून बघणाऱ्या डोळ्यांची, आणि ते डोळे घरी नसतात. घराच्या खोलीत छर्रे मारणं तसंही साधं नाही. छर्रा अडवणारा पक्का ट्रॅप लागतो, कडक पृष्ठभागावरून छर्रा उलटा येऊ शकतो, दार उघडून कुणीही मध्ये येऊ शकतं. शिवाय छर्रे शिशाचे. शिसं हाताला लागतं, हातावरून तोंडात जातं, आणि मुलांना ते मोठ्यांपेक्षा जास्त बाधतं. म्हणून रेंजवरसुद्धा काही खायचं नाही, छर्रा तोंडात धरायचा नाही आणि निघताना साबणाने हात धुवायचे.

तुमच्या यजमानांचा नकार मी दोनदा वाचला. तुम्ही शूटिंग करू नका असं ते कुठेही म्हणालेले नाहीत. ते म्हणतात, घरात नको. तुम्हाला हवा आहे रेंजवरचा तास, त्यांना नको आहे कपाटातली वस्तू. या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण नाही, ते पत्रात लागलंय. त्यांची समजूत घालायला जाऊ नका, कारण त्यांची भीती खरी आहे. एअर पिस्तूल म्हणजे खेळणं नव्हे. छर्र्याने डोळा जातो, आणि अगदी जवळून नको तिथे लागला तर जीवही जाऊ शकतो. घरात उत्सुक मुलगा आहे हे तुम्हीच लिहिलंय. मी तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. निदान वर्षभर क्लबचंच पिस्तूल वापरा. तेवढ्या काळात मूठ कुठल्या मापाची लागते, किती वजन पेलतं हे कळेल, आणि पुढे घेतलंत तरी योग्य ते घ्याल. कित्येक क्लब सदस्यांची शस्त्रं आपल्याच तिजोरीत ठेवतात. तशी सोय असेल तर स्वतःचं असूनही ते घरी आणायची गरज नाही.

कधी घरी आणायची वेळ आलीच, तर आधी कायदा विचारून घ्या. एअर पिस्तूलला काही ठिकाणी परवाना लागतो, काही ठिकाणी ताकदीची मर्यादा पाळून लागत नाही. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, संबंधित सरकारी कार्यालयात विचारा. आणि ठेवण्याची पद्धत अशी: पिस्तूल रिकामं करून कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, किल्ली तुमच्याजवळ. ‘उंचावर ठेवलंय’, ‘त्याला माहीत नाही कुठे आहे ते’, असल्या भरवशावर राहू नका. आईबाप लपवतात ते मुलांना सापडतं. पिस्तुलाला जोडलेला हवेचा सिलिंडर, ज्याच्या जोरावर छर्रा सुटतो, २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरलेला असतो, त्यावर उत्पादनाची तारीख छापलेली असते, आणि स्पर्धांच्या नियमांप्रमाणे तो जास्तीत जास्त १० वर्षं वापरता येतो. जुना सिलिंडर स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका.

आणखी एक. हे मी शस्त्र घरी ठेवणाऱ्या प्रत्येकाला सांगते, तुमच्या पत्रात तसं काही आहे म्हणून नव्हे. घरात कुणीही मनाने खचलेलं असेल, झोप उडालेली असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर त्या काळात शस्त्र घराबाहेर हलवायचं. कुलूप आहे ना, असं म्हणायचं नाही. ते क्लबमध्ये जमा करायचं, आणि त्या माणसाला डॉक्टरांकडे न्यायचं.

मुलाला मात्र दूर ठेवू नका. क्लबच्या वयाच्या नियमात बसत असेल तर एक दिवस तुम्ही दोघं आईबाप मिळून त्याला रेंजवर घेऊन जा आणि पहिला धडा त्याला सरांकडून मिळू द्या. यजमानांनाही त्या दिवशी सगळं डोळ्यांनी दिसेल: नळीचा नियम, सेफ्टी दोरी, ‘स्टॉप’ म्हटल्याबरोबर सगळ्यांनी बोट बाहेर काढून थांबणं. त्याने त्यांचं मत बदलेल असं मी म्हणत नाही, आणि त्यासाठी त्यांना नेऊही नका. मुलाला एक गोष्ट घरीच पक्की शिकवा. मित्राकडे किंवा कुठेही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. हे शिकवलं म्हणून कुलूप सैल करायचं नाही, हेही लक्षात असू द्या.

आता हाताचं. हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

थरथर सगळ्यांचीच होते. एअर पिस्तूल एकाच हाताने, कोपर सरळ ठेवून धरायचं असतं, आणि त्याचं वजन दीड किलोपर्यंत चालतं. हृदयाचा ठोका, श्वास, पायांवरचा डोल, सगळं हातात उतरतं. ऑलिंपिक विजेत्यांचाही नेम टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलाभोवती तरंगतच असतो, फक्त त्यांचं तरंगणं लहान असतं. नवशिक्याचे गुण जातात ते थरथरीपायी नव्हे, ते दुसरीकडे जातात. हिशोब करून बघा. पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर धरू. खांद्यापासून अख्खा हात सावकाश हलला, दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या राहिल्या, आणि पुढचं टोक १ मिलिमीटर सरकलं, तर दहा मीटरवर छर्रा जेमतेम १ सेंटिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे तुम्हाला नऊ मिळाला. पण मनगट किंचित मोडलं आणि पुढची साइट मागच्या खाचेतून तेवढीच, १ मिलिमीटर, कलली, तर छर्रा ३ सेंटिमीटर जातो. दहाचा सात. थरथर तेवढीच, नुकसान तिप्पट.

म्हणून नजर टार्गेटवर नको, पुढच्या साइटवर हवी. काळा गोल धूसर दिसू द्या, तो तसाच दिसायला हवा. बरेच जण काळ्याच्या मध्यावर नेम न धरता त्याच्या खालच्या पांढऱ्या जागेत धरतात, कारण तिथे साइटच्या कडा स्वच्छ दिसतात. साइट त्याप्रमाणे लावलेली असते. आणि तुमचे छर्रे खाली डावीकडे जातात, त्यात वयाचा काही संबंध नाही. तुम्ही उजव्या हाताने मारत असाल तर ती ट्रिगर हिसडल्याची ओळखीची खूण आहे. नेम मध्यावरून जाताना दिसतो, मन म्हणतं ‘आत्ता!’, बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते आणि नळी खाली डावीकडे झुकते. पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला निदान ५०० ग्रॅमचा दाब लागावा असा नियम आहे. तो दाब एकदम नाही, हळूहळू चढवायचा, नेम तरंगत असतानाच. शॉट सुटला तेव्हा तुम्ही थोड्याशा दचकलात तर समजा, बोट बरोबर चाललं. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. शॉट न मारताच हात खाली घ्यायला न लाजणं ही सवय गुण वाढवण्यात माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक झालेली आहे.

सरांना सांगून काही दिवस टार्गेटचा कागद उलटा लावा. कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारा. मारायला काही नसलं की ‘आत्ता’ म्हणायला कारणच उरत नाही. छर्रे एका ठिकाणी गोळा व्हायला लागले की मग ते कुठे गोळा होतात ते बघायचं आणि मागची साइट फिरवायची. छर्रा उजवीकडे न्यायचा तर मागची साइट उजवीकडे, वर न्यायचा तर वर. मात्र विखुरलेल्या छर्र्यांवर साइट फिरवत बसू नका, त्याने काहीच हाती लागत नाही. तुमचा प्रबळ डोळा कुठला तेही एकदा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या वस्तूकडे बोट करा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने बघताना बोट वस्तूवरच राहतं तो प्रबळ. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर सरांना सांगा, त्यावर उपाय असतात.

घरी सराव हवाच असेल तर तो पिस्तुलाशिवाय करा. एक किलोचं वजन हातात घेऊन, कोपर सरळ ठेवून, खांद्याच्या उंचीपर्यंत सावकाश उचलायचं, काही सेकंद धरायचं, तसंच सावकाश उतरवायचं. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवा. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधला तुर्कीच्या युसूफ दिकेचचा तो खिशात हात घातलेला फोटो तुम्ही पाहिलाच असेल. लोकांना ती ऐट वाटली. मोकळा हात लोंबकळत राहिला तर शरीर डोलतं, म्हणून नेमबाज तो असा अडकवून ठेवतात. दिकेच तेव्हा ५१ वर्षांचा होता आणि त्याने मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये रौप्य जिंकलं. जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झेने १९८८मध्ये पिस्तूलमध्ये सुवर्ण मिळवलं, २०१६मध्ये ती स्वतःच्या मुलाबरोबर एकाच ऑलिंपिकमध्ये उतरली, आणि २०२४मध्ये, ५५व्या वर्षी, तिचं दहावं ऑलिंपिक झालं. वयाचं एवढं पुरे.

.२२बद्दल. जरूर चालवून बघा, पण शॉटनंतरचा क्रम अंगवळणी पडल्यावर. तिथे बंदुकीची दारू आहे, आवाज आहे, धक्का आहे. कानांचं संरक्षण पहिल्या गोळीपासून लावायचं, कारण .२२चा आवाजही साधारण १४० डेसिबलच्या घरात जातो आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच. ट्रिगर दाबला आणि गोळी उडाली नाही, तर बंदूक उघडून आत डोकवायचं नाही. नळी टार्गेटकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण काही गोळ्या उशिरा पेटतात. मग हात वर करून रेंज अधिकाऱ्यांना बोलवा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी भरूच नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते.

‘विकृत’ म्हणणाऱ्या बाईंशी वाद घालू नका. बंदुकीने जगात जे होतं ते पाहून एखाद्याला ती नकोशी वाटली तर त्यात गैर काहीच नाही. तुम्ही तुमच्यापुरतं तपासा: आपल्याला आवडतंय ते काय? डोक्यातला गोंगाट थांबतो असं तुम्ही लिहिलंय. कुणाला धाक वाटावा, आपण बलवान दिसावं, असं पत्रात कुठेही नाही. ते असतं तर मी तुम्हाला आजच थांबवलं असतं. रागाच्या, भांडणाच्या दिवशी मात्र रेंजवर जाऊ नका, मग कितीही वाटो की तिथे गेल्याने बरं वाटेल.

आणि स्पर्धेला नाव द्या. मोठ्या स्पर्धांमध्ये ६० शॉट आणि सव्वा तास असतो, क्लबच्या स्पर्धेत बहुधा कमी असतील. त्याआधी चाचणीचे शॉट मिळतात, ते सगळे वापरा. आपल्या लेनचा नंबर प्रत्येक शॉटआधी बघा. गुणांची बेरीज मनातल्या मनात करू नका, आणि पहिल्या दहा शॉटांत हात जास्तच हलला तर घाबरू नका, तो सगळ्यांचाच हलतो. तिथे पुन्हा दहा लागेल, तेव्हा आधी खटका उघडा.